एकशे बाराव्या पानाचा समास

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पानं अजून पिवळी पडलेली नाहीत, पण पाठ पार खिळखिळी झाली होती. वाचनालयात माझी जागा खालच्या फळीवर, फुलझाडांच्या पुस्तकांमागे. का, तर माझ्यात शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या दोन मुलग्यांची गोष्ट आहे आणि ते दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात. एका सद्गृहस्थांनी मला दोन बोटांत धरून परत केलं होतं, ते अजून माझ्या जिव्हारी लागलेलं आहे. तरी लपूनछपून मला इतक्यांनी वाचलं की माझे टाके उसवले. ते मात्र मी कौतुकाने मिरवते.

मग मला वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरच्या मुलाने घरी नेलं. सोळा वर्षांचा, तोंडातून शब्द काढायला महाग. वर्गातला गोलकीपर त्याचा जिवलग. त्याला सगळे गोली म्हणत. माझ्या गोष्टीतली मुलं एकशे बाराव्या पानावर मनातलं बोलून टाकतात. तिथेच, समासाच्या अगदी कडेला, बाइंडरच्या मुलाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'मला तुझ्याबद्दल असंच वाटतं. तुला?' आणि मला गोलीच्या हाती दिलं. पुस्तकावर लिहू नये, हे मी तुम्हाला शंभरदा सांगेन. त्या दिवशी मात्र माझाच जीव टांगणीला लागला.

गोलीने चार दिवस मला दप्तरात वागवलं. पाचव्या दिवशी त्याने प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, मला वाचनालयात परत केलं आणि मित्राची नजर चुकवत म्हणाला, "लिहिलंय. तूच जाऊन बघ." बाइंडरचा मुलगा धावत आला, तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "ती होय? आत्ताच शिवायला दिली. तुझ्याच बाबांनी नेली की."

तो घराकडे पळत सुटला. बाबांची पद्धत त्याला तोंडपाठ होती. ते आधी एकेक पान तपासत, पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसत आणि शिवून झाल्यावर तिन्ही कडा यंत्रात घालून सारख्या कापत. म्हणजे बाबा वाचणार, पुसणार, आणि त्यातून काही उरलंच तर पातं घेऊन जाणार. बाइंडरच्या मुलाने तरी कडेला लिहायला नको होतं!

तो घरी पोहोचला तेव्हा मी बाबांच्या मांडीवर होते.

"बाबा, द्या ना, याची पानं मी तपासतो."

"हात बघ कसे घामेजलेत! तू पुठ्ठे काप."

त्याने तीन पुठ्ठे वाकडे कापले. बाबा पानं उलटत होते. नव्वद. शंभर. एकशे दहा. मला स्वतःला घट्ट मिटून घ्यावंसं वाटत होतं, पण उसवलेल्या पुस्तकाच्या हातात काय असतं?

एकशे बारावर बाबा थांबले. मुलाचं अक्षर त्यांनी ओळखलं. त्यांनी खोडरबर उचललं आणि तसंच धरून छापलेलं सगळं पान वाचलं. मग मागचं पान वाचलं. मग पुन्हा समास.

"खालचं अक्षर गोलीचं?"

"हो."

"आपल्याकडे जेवायला येतो तो?"

"हो, बाबा."

मुलगा कात्री धरून उभाच होता. शेवटी बाबांनी खोडरबर खाली ठेवलं.

"मला हे सगळं नीट कळत नाही. कळायला वेळ लागेल," ते म्हणाले. "पण हे पुस्तक कापायचं नाही. नुसतं शिवू. आणि काय रे, इतकी वर्षं या घरात काढलीस, काठ कापला जातो हे ठाऊक नाही? पुढच्या वेळी बोटभर आत लिही." असं म्हणून त्यांनी मला उघडीच त्याच्या हातात दिलं.

गोलीने लिहिलं होतं, 'मला तुझ्याआधीपासून.'

तो खाली बसला आणि बाबांसमोरच रडला. बाबा दाभणात दोरा ओवत राहिले.

मित्रांनो, तेव्हापासून फळीवर माझ्या कडा वेड्यावाकड्या, पुढे आलेल्या दिसतात. नीटनेटक्या लोकांना ते खुपतं. तुम्ही मला हात धुऊन उचला, पानं अलगद उलटा. आणि एकशे बाराव्या पानावर आलात, तर खोडरबर लांब ठेवा.