गुळव्याची दाढ

राधाकृष्णाच्या गुऱ्हाळावर यंदा चरक नवा होता, काहील नवी होती, चुलवाणसुद्धा नव्यानं बांधलेलं. जुनी म्हणावी अशी तिथं एकच गोष्ट होती, ती म्हणजे बन्सी गुळव्याची उजवी दाढ. आणि ऐन हंगामात नेमकी तीच ठणकायला लागली.

इतर गुळवे उकळता पाक गार पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि काहील उतरवायची की नाही ते ठरवतात. बन्सी त्यांना हसायचा. बोटानं गूळ बघणं म्हणजे नाकानं पाऊस बघणं, असं म्हणायचा. तो गोळी दाढेखाली धरायचा. चिकटली तर पाक कच्चा, कट्‌कन फुटली तर साधला. त्यानंतर जरा जरी रेंगाळलं तरी गूळ काळा पडतो. राहुरीच्या पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते या दाढेवर. अर्धी गोळी स्वतःच्या तोंडात टाकली की उरलेली अर्धी तो बायकोच्या, गोजरबाईच्या हातावर ठेवायचा. त्यात लाडाचा भाग नव्हता. गोजरबाई चुलवाणात चिपाडं सारायची, आणि जाळ कधी आवरायचा हे जाळ घालणारीला कळलं पाहिजे, अशी त्याच्या बापापासूनची रीत होती.

दाताचा डॉक्टर नगरहून राहुरीला फक्त बाजारच्या दिवशी यायचा, आणि बाजार अजून लांब होता. राधाकृष्ण म्हणाला, कशाला थांबतोस, सरळ नगरला जाऊन ये. बन्सीनं तोडून ठेवलेला ऊस वाळेल अशी सबब सांगितली. सबब खोटी नव्हती, पण पुरती खरीही नव्हती. दाढ उपटली तर आपण गुळवे कसले, ही भीती त्याच्या पोटात बसली होती, आणि ती कुणापुढं बोलण्यासारखी नव्हती.

गुऱ्हाळावर आलेला माणूस रस पिऊन, गूळ खाऊनच परत जातो. यंदा जो तो रस प्यायचा, मिशा पुसायचा आणि बन्सीला एक औषध सांगून वाटेला लागायचा. कुणी लवंग सांगितली, कुणी हिंग. छगन नावाच्या शेजाऱ्यानं रिंगणीच्या बिया विस्तवावर टाकून त्यांचा धूर तोंडात घ्यायला लावला. दाढेतला किडा पटकन खाली पडेल, म्हणाला. किडा काही पडला नाही, बन्सीच्या डोळ्यांतून पाणी तेवढं पडलं. ठणका दाढेतून कानात जायचा, कानातून टाळूत, आणि तिथं करमलं नाही की परत दाढेत. बन्सीला बसवेना, उभंही राहवेना. पाक ढवळायचं फावडं हातात घ्यायचा, टाकायचा. चरकापाशी जाऊन बैलांवर उगाच ओरडायचा आणि परत काहिलीपाशी यायचा. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी अर्धी तशीच राहायची. गोजरबाईनं गाल शेकायला फडकं गरम करून आणलं, तर तिच्यावरच वसकन ओरडला. ती फडकं त्याच्या गुडघ्यावर ठेवून पुन्हा जाळापुढं जाऊन बसली.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा धीर सुटला. बांधावरच्या रुईचा चीक त्यानं कापसावर घेतला आणि दाढेत दाबला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तसं झालं. जीभ पोळली, ओठ सुजले, आणि तो सगळा गाल असा बधिर झाला की आपलं तोंड कुठं संपतं हेच त्याला कळेना. ठणका मात्र थांबला. बन्सी हरखला. आता काहिलीतलं एवढं एक आधण निघालं की उद्याचं उद्या बघू.

दुपार कलली तसा पाक दाटला, मोठमोठे बुडबुडे फुटायला लागले. बन्सीनं गोळी काढली, अर्धी दाढेखाली घेतली, अर्धी गोजरबाईला दिली. दाढ दाबली. काहीच कळलं नाही. ना चिकटल्याचं, ना फुटल्याचं. त्यानं पुन्हा दाबली.

"अवो, झालंय," गोजरबाई हळूच म्हणाली.

"तू जाळ बघ."

ती तशीच उभी राहिली. बन्सी फावडं मारत राहिला आणि दाढेतून काही निरोप येतो का याची वाट बघत राहिला. निरोप आधी नाकाला आला. करपल्याचा वास सुटला तेव्हा सगळे धावले. काहील उतरवली, पण गार करायच्या वाफ्यात ओतला तो गूळ नव्हता, डांबर होतं. बैलांना होईल, एवढंच राधाकृष्ण पुटपुटला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बन्सीला बरं वाटलं असतं. चीक उतरल्यावर ठणका दामदुपटीनं परत आला, पण त्या संध्याकाळी त्याला दाढेपेक्षा बायकोचा तो शब्द जास्त ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो राहुरीला गेला. औषधाच्या दुकानामागच्या खोलीत डॉक्टर बसायचा आणि दाराबाहेर गाल धरून बसलेल्यांची रांग लागलेली. आतून कुणी विव्हळलं की बाहेरचे सगळे आपापला गाल आणखी घट्ट धरायचे. बन्सी रांगेतून उठला, बाजारात एक फेरी मारून आला, पुन्हा बसला. परतीची एसटी उभी होती. पळून जावं, असं त्याच्या मनात आलं. मग गेलो तर कुठल्या तोंडानं काहिलीपुढं उभं राहणार, असंही आलं, आणि तो बसून राहिला.

नंबर लागला. डॉक्टरनं आरशानं बघून विचारलं, "गूळ फार खाता का हो?"

"खात न्हाई. चावतो," बन्सी म्हणाला.

डॉक्टर हसला आणि सुईकडं वळला. मग एक कचकचीत ओढ बसली आणि इतक्या वर्षांची दाढ कागदाच्या पुडीत बांधून बन्सीच्या हातात आली. कापसाचा बोळा घट्ट चावून धरा, बोलू नका, डॉक्टरनं बजावलं.

गावच्या फाट्यावर उतरला तो धूर दिसला. गुऱ्हाळ चालू होतं. आपल्यावाचून आधण चढवलं, हे बघून त्याच्या अंगाची लाही झाली. भरभर चालत तो आला. काहिलीत पाक दाटला होता आणि फावडं गोजरबाईच्या हातात होतं. चुलवाणापुढं राधाकृष्ण स्वतः चिपाडं सारत बसला होता. ऊस वाळत होता, दुसरा गुळवा मिळाला नाही, मग हिलाच उभी केली, असं त्यानं ओशाळून सांगितलं.

गोजरबाईनं वर पाहिलं नाही. गोळी वळली, मोडली. अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी, त्याच्याच रीतीनं, त्याच्यापुढं धरली. बन्सीनं ती घेतली आणि मुठीत धरली. तेवढ्यात त्याला आवाज ऐकू आला. कट्‌. आयुष्यभर आपल्याच डोक्यात ऐकलेला आवाज आज त्यानं बाहेरून ऐकला.

"झालंय," ती म्हणाली.

राधाकृष्ण उठला, पण त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं बन्सीकडं. गडीही बन्सीकडंच बघत राहिले. "काय बन्सीनाना, उतरवायची का?" राधाकृष्णानं विचारलं.

पाक उकळत होता. गोजरबाईचा हात फावड्यावर थांबला होता आणि तिचा चेहरा कालच्यासारखाच होता. बन्सीनं तोंडातला रक्ताळलेला बोळा काढला.

"मला काय इचारता? तिनं सांगितलं न्हवं," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी काहिलीच्या कडीला जाऊन भिडला.