दीड वाजताचा प्रश्न

“काढा,” मास्तर म्हणाला, आणि मी माझी कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

जिन्यात उभ्या उभ्या दुसऱ्याला दात काढून देणारा माणूस आमच्या इमारतीत मी एकटाच असेन. पण मागणाराही एकटाच होता. त्याने कवळी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली आणि आतल्या बाजूला कोरलेला बारीक आकडा वाचला.

“ही हिनेच केलेली ना, काका?”

मी मान हलवली. दात नसले की मी फक्त होकार देतो. नकार द्यायला दात लागतात.

“मग ठरलं,” तो म्हणाला. “एकशेचौदावी.”

हा मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा, पन्नाशी उलटलेला, किडकिडीत माणूस. यादीमास्तर हे नाव इमारतीने ठेवलेलं. तोंडावर म्हणताना सभ्यपणाने ‘यादी’ गाळायची. चोवीस वर्षं त्याने एका विमा कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले. एका मंगळवारी साहेबाने अख्ख्या विभागाला बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामा खोका दिला आणि टेबलं मोकळी करायला सांगितली. बाकीच्यांनी नोकऱ्या शोधल्या. मास्तर मात्र वीस वर्षं म्हणत आला होता, एक दिवस मी स्वतःचं काढणार. आता तोंडघशी पडायचं नसेल तर काढणं भाग होतं.

त्याचा बेत साधा होता. भागीदार नको, बँक नको. आपली पुंजी, आपलं डोकं. एकट्याला लिहिता येईल असं छोटंसं सॉफ्टवेअर, आणि ते दर महिन्याला पैसे मोजून वापरणारी शे-दोनशे माणसं. मुदत एक वर्ष. वर्षात जमलं नाही तर जावयाच्या ऑफिसात जायचं, कानाला फोन लावून बसायचं आणि ज्यांची धुलाई यंत्रं फिरत नाहीत अशा लोकांची बोलणी खायची. जावई स्वभावाने चांगला. “बाबा, तुमची खुर्ची राखून ठेवलीय,” असं तो दर रविवारी प्रेमाने सांगे. शिवी दिली असती तर मास्तरला झोप तरी लागली असती.

तर प्रश्न एवढाच होता, की सॉफ्टवेअर कशाचं?

मी गोष्ट ताणतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून माझं कुठलंही माप निम्मं करून घ्यावं. पण लाल वहीतल्या एकशेतेरा कल्पना मी स्वतः मोजल्या आहेत, त्यात काटछाट नको. सारख्या छत्र्या विसरणाऱ्यांसाठी. ज्यांचे निम्मे गाणारे सरावाला येत नाहीत अशा गायकमंडळांसाठी. मोटार शिकवणाऱ्यांसाठी, दुसऱ्यांची कुत्री फिरवणाऱ्यांसाठी. दोन मी सुचवल्या होत्या. एक, जांभया मोजणारं. दुसरं, आपण हीच गोष्ट याच माणसाला आधी कितीदा सांगितली ते बजावणारं.

“दुसऱ्याला गिऱ्हाईक आहे,” मास्तर गंभीरपणे म्हणाला, “पण पैसे तुम्ही नाही देणार, काका. तुमचं ऐकणारे देतील.” आणि त्याने एकावन्नाव्या नंबरवर ते टिपून घेतलं.

प्रत्येक कल्पना तो आधी जिन्यात तपासून बघे. लोक “छान आहे” म्हणत. छान हा शब्द लोक जिना लवकर उतरता यावा म्हणून वापरतात. लिफ्ट दुरुस्त करणारा एकदा म्हणाला, “वापरीन की.” मास्तर हरखला. “महिन्याला किती द्याल?”

“पैसे पडणार होय? मला वाटलं, तुम्ही आपुलकीने विचारताय.”

जिन्यातून वाचलेली कल्पना संध्याकाळी मरे. जगाच्या कुठल्यातरी टोकाला कुणीतरी तेच आधी बनवलेलं सापडे, याच्यापेक्षा बरं आणि स्वस्त. मग लाल शाईची फुली. चार महिन्यांत ती वही कोंबडी कापायच्या ओट्यासारखी दिसायला लागली.

आणि मग त्या दिवशी त्याला माझे दात आठवले.

त्याची बायको दातांच्या लॅबमध्ये होती. तिथे पेशंट येत नाहीत. त्यांचे जबडे येतात, प्लॅस्टरचे, ट्रेमध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे, छटा जुळवायची आणि कवळी परत पाठवायची. माझी कवळी तिने केली तेव्हा रंग जुळवायला ती स्वतः जिना उतरून आली होती. “काका, फार पांढरे नको. तुम्ही खोटं बोलता ते लगेच कळेल.” रोज संध्याकाळी ती घरी बोले: कुठला डॉक्टर छटा चुकीची लिहितो, कुणाचा ट्रे कुणाला गेला. डबा मात्र बऱ्याचदा भरलेलाच परत येई. हात सकाळपासून प्लॅस्टरमध्ये. भूक लागली हे तिला घरी आल्यावर कळे.

तिच्या सोयीसाठी मास्तरने फार पूर्वी दोन रविवार बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ट्रेचा नंबर, डॉक्टर, छटा, तारीख. तो त्याला खेळणं म्हणे. साडेतीन वर्षांपूर्वी ती गेली. इतक्या वर्षांचं प्लॅस्टर छातीत बसलं, असं मी म्हणतो. डॉक्टरांचा शब्द वेगळा होता. पुढे तिची लॅबही बंद झाली आणि तिथला संगणक भंगारात गेला.

“ते खेळणं होतं,” कवळी परत देत मास्तर म्हणाला. “आता खरं करतो. गिऱ्हाईक कोण, त्याचं कुठे अडतं, सगळं मला पाठ आहे. रोज ऐकलंय. आणि काका, कुणीही अजून केलेलं नाही. मी सगळीकडे शोधलं.”

मी दात बसवले. “एखाद्या लॅबमध्ये जाऊन विचारलंस?”

“विचारलं की गेली कल्पना. उद्या त्यांचा भाचा बसून लिहील.”

एकशेतेरा कल्पना जिन्यात वाटणारा माणूस एकशेचौदावीपाशी असा कंजूष झाला. सात महिने त्याच्या खिडक्यांचे पडदे उघडले नाहीत. जावयालाही काही कळू दिलं नाही. मला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. पण हे मी राखलं. फुटलं तर पुढच्या वेळी दात परत देणार नाही, अशी त्याची धमकी होती.

वर्षाचा एक महिना उरला तेव्हा आम्ही निघालो. तो इस्त्रीच्या शर्टात, बगलेत लॅपटॉप. मी नमुना म्हणून बरोबर.

लॅब एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. तीन खोल्या, सगळ्यांवर पांढरी धूळ. मालक भरघोस मिशांचा, मिशाही पांढऱ्या. पण त्या झटकल्या तेव्हा काळ्या निघाल्या. आत पहिलवानासारखा एक कारागीर मेणाचे इवलेसे दात कोरत होता आणि नाकाला फडकं बांधलेली एक बाई जबडे घासत होती.

मास्तरने वीस मिनिटं दाखवलं. मी त्याला इतकं सुरेख बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ट्रे हरवला तर काय, छटा बदलली तर काय, डॉक्टरचा उलट फोन आला तर काय. मालक मान डोलवत होता. पहिलवान कोरायचं थांबवून बघत होता.

“चांगलं केलंय हो तुम्ही,” शेवटी मालक म्हणाला. “लॅबमध्ये काम केलेल्या माणसासारखं. पण आमच्याकडे आहे.”

“काय आहे?”

“हेच.”

“कुठल्या कंपनीचं?”

“कंपनीबिंपनी नाही. जुनं आहे, पण कधी अडलं नाही.”

त्याने कोपऱ्यातल्या संगणकावरचं प्लॅस्टिक उचललं. राखाडी पडदा, हिरवी अक्षरं, चार चौकोन: नंबर, डॉक्टर, छटा, तारीख. मी मास्तरकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

“हे आणखी कुणाकडे आहे?” त्याने विचारलं.

“सगळ्यांकडे. आपल्याकडे अकरा लॅब, अकराही याच्यावर चालतात. एक बाई येऊन टाकून गेली होती. बंद पडलेल्या त्या लॅबमधली. मागेल त्याला द्यायची. पैसे विचारले तर म्हणाली, घरचंच आहे, त्यांना विचारून आणलंय.”

मास्तर तिथल्या स्टुलावर बसला. विचारलं होतं, हे त्याने मला परत येताना सांगितलं. “अहो, शेजारच्या लॅबवाल्यांनी मागितलंय, देऊ का?” असं ती म्हणाली होती आणि याने पेपरमधून डोकं वर न काढता उत्तर दिलं होतं, “दे की. त्याला कोण पैसे मोजतंय?” एवढंच. तिने त्यानंतर विचारलं नाही, आणि याने काय झालं ते विचारलं नाही.

“पण तुमच्या या जुन्यात बिलं निघत नाहीत,” तो आता म्हणाला. आवाज जिन्यात कल्पना विकताना असायचा तसा झाला होता.

“बिलं माझी बायको करते. तिला काढून टाकू?” मालक हसला. मग त्याने घड्याळाकडे बघितलं. “थांबा. एक गंमत बघा.”

दीड वाजला. संगणक घसा खाकरल्यासारखा वाजला. चारही चौकोन गेले आणि पडद्याच्या मधोमध दोन शब्द आले: ‘जेवलीस का?’ खाली एकच बटण, ‘हो’.

“हे बंद करता येत नाही,” मालक कौतुकाने म्हणाला. “हो म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आधी आम्ही शिव्या घातल्या. यानं एकदा,” त्याने पहिलवानाकडे बोट दाखवलं, “न जेवताच, प्रश्न आल्या आल्या बटण दाबलं. तर दहा मिनिटांनी परत आलं. ‘खरंच?’ म्हणून.”

“आईशप्पथ,” पहिलवान म्हणाला. “मला जेवलीस म्हणतंय, ते एक आणखी.”

“तेव्हापासून अकराही लॅब दीडला जेवतात. डॉक्टरसुद्धा दीडला फोन करत नाहीत. तुमच्यात हे आहे का?”

मास्तरने आपला लॅपटॉप मिटला. “नाही,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात नाही राहिलं.”

जावयाने राखलेल्या खुर्चीवर तो पुढच्या महिन्यात जाऊन बसला. लाल वही रद्दीत गेली. पण ते नंतरचं. त्या दुपारी मालकाने आम्हाला उठू दिलं नाही. टेबलावरचे जबडे बाजूला सारून डबे उघडले गेले, झाकणात आमचं वाढलं गेलं. मी दोनदा मागून घेतलं. माझ्या दातांची तारीफ झाली. मास्तर झाकणातलं इकडून तिकडे सरकवत होता.

“कुणी लिहिलं देव जाणे,” नाकाचं फडकं गळ्यात ओढून ती बाई म्हणाली. “आम्ही तरी म्हणतो, तिनंच लिहिलं असणार. भुकेचं बाईलाच सुचतं.”

मी तोंड उघडलं. हातची गोष्ट मी आयुष्यात सोडलेली नाही. पण टेबलाखाली मास्तरने माझा गुडघा घट्ट धरला.

“हो,” तो म्हणाला. “तिनेच.”

“ओळखता?”

“ऐकून आहे.”

“परत आलीच नाही कधी,” मालक म्हणाला. “आली असती तर अशीच जेवायला बसवली असती.”

मग डबे आवरले. मालकाचे हात खरकटे, पहिलवानाचे खरकटे, बाई नळावर गेलेली. पडदा अजून तसाच होता.

“साहेब,” मालक म्हणाला, “तुमचे हात स्वच्छ दिसतायत. तेवढं बटण दाबता?”

मास्तर उठला. त्याच्या झाकणातलं सगळं तसंच पडलं होतं. त्याने रुमालाने बोट पुसलं, उगाचच, आणि ‘हो’ दाबलं. चार चौकोन परत आले. लोक आपापल्या जबड्यांकडे वळले. मी लॅपटॉप उचलून दारात जाऊन उभा राहिलो.

तो मात्र पडद्यासमोरून हलला नाही. पूर्ण दहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. त्या जुन्या यंत्राने परत काही विचारलं नाही.