एकोणीस नंबरची मान

आईचा अभ्यास आहे चाळीस शाळकरी मुलांच्या मेंदूंवर. त्या चाळिसांत मीही आहे, पण कितवी ते तिला ठाऊक नाही. नियमच आहे तसा, तिच्यापर्यंत नुसते नंबर येतात. मी मात्र माझा नंबर स्कॅन करणाऱ्या टेक्निशियनकाकांच्या वहीत डोकावून बघितला होता. एकोणीस!

रविवारी दुपारी लॅबमध्ये आम्ही दोघीच. मी भूगोल उघडून बसले होते, म्हणजे तिच्या स्क्रीनकडे बघत होते. एरवी आमची भेट फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतूनच होते.

"काय ध्यान आहे हे!" आई करवादली. "एकोणीस नंबर. डोकं तीन-तीन मिलिमीटर हललंय, तेही सहा वेळा."

मी भूगोल मिटला. "मग जुळवून घे ना. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र सरकवून पहिल्याशी जुळवतं, तूच म्हणतेस."

"हळूहळू कललं तर जमतं गं. पण मेंदूचं एक चित्र एका क्षणात निघत नाही, बाईसाहेब. पातळ पातळ चकत्या, एकामागून एक, दोन सेकंद लागतात. त्यांच्या वेळाही जुळवते मी. पण मधेच मान हलली, की काही चकत्या आधीच्या, काही नंतरच्या. त्याला औषध नाही." तिने स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं. "आणि गंमत बघ, दर वेळी माझी सूचना संपली रे संपली, की हललंय!"

ती रेकॉर्ड केलेली सूचना. स्कॅनच्या मशीनमध्ये आडवं झाल्यावर हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, आईचा जराही घाई नसलेला आवाज: 'छान चाललंय. ठीक आहेस ना?'

"वगळते याला."

गप्प बसता आलं असतं. मागच्या वर्षीची मी बसलेही असते.

"आई, ती मी आहे."

माउसवरचा तिचा हात थांबला. "अगं, मान हलवायची नाही, बटण दाबायचं, हे काकांनी शंभरदा सांगितलं असेल!"

"सांगितलं होतं."

"मग?"

"तू विचारलंस, ठीक आहेस ना. मी हो म्हटलं."

"ते रेकॉर्डिंग आहे, बाळा. सगळ्यांना तेच ऐकवतात."

"माहीत होतं गं मला."

तिने एकोणीसपुढे फुली मारली. मारायलाच हवी होती, ते मलाही कळतं.

वीस नंबर उघडला. डोक्याच्या हालचालीची रेघ सुतासारखी सरळ.

"शहाणं लेकरू," आई सवयीने स्क्रीनला म्हणाली.