पारव्याचं रक्त

कोल्हारात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की माणसं आधी माझ्या ओसरीवर यायची. पारव्याचं ताजं रक्त लुळ्या अंगाला चोळायचं, खोली बंद करायची, तीन दिवस वारं आत येऊ द्यायचं नाही. दुसरीत शाळा सोडलेल्या या बनुबाईपुढं मास्तरसुद्धा हात जोडायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझी नात शोभा सहा वर्षांची. डोळे पिवळे, हातपाय दुखले की रात्रंदिवस रडायची. नगरच्या डॉक्टरांनी काचेवर तिचं रक्त पाहिलं. म्हणाले, हिच्या रक्तातले गोल कण विळ्यासारखे वाकतात, बारीक शिरांत अडकतात. "पाणी भरपूर पाजा. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर तसंच मेंदूत रक्त अडलंय समजा. लगेच आणा."

"लकव्याचं मला शिकवू नका," मी म्हटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघीच. शोभाच्या हातातली वाटी गळून पडली, उजवा हात लोंबला. मी पारवा आणला, रक्त चोळलं. अर्ध्या तासात पोरगी त्याच हातानं शेंगा फोडायला लागली. मी कुणाला बोलले नाही. सून मनकर्णा तिला घेऊन नगरला पळाली असती आणि यश सुईला गेलं असतं.

वीस दिवसांनी सकाळीच मनकर्णा ओरडली, "आत्या, हिचं तोंड बघा!"

तोंड डावीकडं ओढलेलं. उजवा हात गोधडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा.

"कारभारी, पारवा आण! दार लाव!" मी मुलाला म्हटलं.

"कारखान्याचा ट्रक नगरला निघालाय," मनकर्णा म्हणाली. "डॉक्टर म्हन्ले हुते, थांबू नका."

"तुझ्या डॉक्टरनं किती लकवे उठवले गं?"

"तुमी उठवा समदं गाव. माझी पोर मला द्या."

दहा वर्षांत ती मला उलटून बोलली नव्हती. मी कवाडाला पाठ लावून उभी राहिले. कारभारीनं पारवा आणला. मी सुरी फिरवली, रक्त चोळलं.

"मूठ वळ गं, माझे बाई."

शोभा माझ्याकडं बघत राहिली. बोट हललं नाही. मनकर्णानं पाणी पाजलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

मी कवाड उघडलं. "उचल तिला! बघतीस काय?"

नगरला रक्ताची बाटली लागली. डॉक्टरांनी विचारलं, "हे पहिल्यांदाच?"

"व्हय, पयल्यांदाच," कारभारी म्हणाला.

"नक्की? आधी होऊन गेलं असेल तर धोका मोठा. मग हिला इतक्यात घरी सोडणार नाही."

माझे हात पदराखाली होते. नखांत पारव्याचं रक्त वाळलेलं.

"न्हाई," मी म्हटलं. "दुसरी खेप हाय. मी लपवलं."

मनकर्णानं माझ्याकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तेव्हा हात आपोआप सुटला, आजी," डॉक्टर म्हणाले. "तो इशारा होता."

"पारव्यानं न्हाई?"

"नाही."

शोभाची मूठ अजून अर्धीच वळते. शेंगा मी फोडते, ती डाव्या हातानं खाते. मनकर्णा माझ्याशी कामापुरतंच बोलते. ओसरीवर माणसं अजून येतात, पारवा मागतात. मी पायात चपला घालते आणि त्यांच्यासाठी नगरचा ट्रक थांबवायला रस्त्यावर जाते. कुणी कुरकुर केली तर त्याची सात पिढ्यांची अक्कल काढते.