बीकनने सांगितलेला आकडा

हायस्कूलच्या जिममध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यालाही आमच्या हॅलोरन गावातली माणसे इतक्या लवकर येऊन खुर्च्या धरत नाहीत. बाहेर उणे वीस, आत कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव फुकट, आणि व्यासपीठावर डॉ. रेनशॉ. खाली शहराकडून आलेले. कोट पातळ, बूट त्याहून पातळ. डॉक्टर कशाचे, ते कुणी विचारले नाही.

त्यांच्या मागच्या पडद्यावर दीपस्तंभाचे चित्र होते आणि त्याखाली यंत्राचे नाव: बीकन.

"मित्रहो, मी काहीच सांगणार नाही," छातीवर हात ठेवून डॉक्टर म्हणाले. "मी कोण सांगणारा? बीकन सांगेल. बीकन दमत नाही. बीकन कुणाचा भाचा नाही, कुणाचा व्याही नाही. बीकन फक्त सत्य पाहतो."

मग त्यांनी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्याच्या जुन्या फायलींमधली अकरा मुले घेतली, नावे झाकून. फाइल यंत्रात गेली की पडद्यावर एक चक्र फिरे आणि आकडा उमटे. शून्य म्हणजे मूल घरात सुखरूप. शंभर म्हणजे आज ना उद्या त्या घरात मुलाचे हाल होणार. आकडा आला की डॉक्टर फायलीचे शेवटचे पान वाचून दाखवत. जिथे एक्याण्णव आला होता, तिथे मूल खरेच उपाशी सापडले होते. जिथे आठ, तिथे ते सुखाने वाढून कॉलेजात गेले होते. अकरापैकी अकरा बरोबर.

सातव्या फायलीला सत्याण्णव आला तेव्हा जिममध्ये कुणी कपही हलवला नाही. नाव झाकलेले असले तरी ती फाइल कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होते. सहा वर्षांपूर्वी गावातले एक पोर बापाच्या मारहाणीत गेले होते. आपल्याला वेळेवर कळले नाही, हे गावाने स्वतःला अजून माफ केलेले नव्हते.

"हे तेव्हा असतं तर," माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली.

आमच्याकडे गोठलेल्या सरोवरावर मासेमारीची जत्रा भरते. तिथे दर वर्षी एखादा बहाद्दर डोळ्याला पट्टी बांधून माशाचे वजन अचूक सांगतो, कारण काट्यावरचा आकडा त्याने आधीच पाहून ठेवलेला असतो. मला त्या दिवशी तो आठवला. पण गावाच्या जखमेपुढे तोंड कोण उघडणार? मीही टाळ्या वाजवल्या. मी सेल्मा राउतिओ, शाळेची नर्स. बावीस वर्षे याच शाळेत आहे, आणि त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

काउंटीने बीकन घेतला. पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, बालकल्याण खात्याची मार्ला लॅम्पिनेन माझ्या खोलीत आली. नऊ वर्षांची टिल्डा कंगास तेव्हा हीटरपुढे अनवाणी पाय धरून बसली होती.

टिल्डा खाडीपलीकडे आजोबांजवळ राहते. आई गेली, बाप कधी दिसलाच नाही. हिवाळ्यात तिकडचा रस्ता बर्फाखाली जातो आणि शाळेची बस बंद होते. मग आर्वो कंगास नातीला स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर बसवून, गोठलेल्या खाडीवरून आणतात. काठाजवळ बर्फ फुटून चिखलासारखा झालेला असतो. तिथे गाडी थांबवावी लागते आणि शेवटची पन्नास पावले चालावी लागतात. पोरगी चालत नाही, उड्या मारते.

"उक्की म्हणतो, मी बेडकीच्या पोटची आहे," ती मला सांगत होती. आजोबांना ती उक्की म्हणते, आमच्या फिनिश घरांत तसेच म्हणतात. मी तिला कोरडे मोजे दिले आणि वर्गात पिटाळले.

मार्लाने दार लावून घेतले. "सेल्मा, हिचा आकडा त्र्याण्णव आलाय."

"त्र्याण्णव? आर्वोच्या घराचा? अगं, तो माणूस तिच्या वेण्या घालतो. वाकड्या घालतो, पण रोज घालतो."

"मला ठाऊक आहे."

"मग लिही की तसं."

"नव्वदच्या वर आकडा असला आणि मी नाही म्हटलं, तर कारण लेखी द्यावं लागतं, जबाबदारी माझी." ती खुर्चीत बसली. "उद्या काही झालं तर पेपरात माझं नाव. हो म्हटलं आणि चुकलं, तर बीकनचं. वर्षभरात आमच्या खात्यात एकानंही नाही म्हटलेलं नाही. परवा दहा वाजता तिला आजोबांकडून काढायची सुनावणी आहे. चारशे मैलांवर एक घर मिळालंय तिच्यासाठी."

"पण त्र्याण्णव आला कशावरून?"

तिने कागद पुढे केला. त्यावर आकडा होता आणि खाली एक ओळ: शाळेतील नोंदींचा मोठा वाटा.

"कुठल्या नोंदी?"

"ते कंपनी सांगत नाही. धंद्याचं गुपित आहे म्हणे."

शाळेतल्या नोंदी करते कोण? मीच. मार्ला गेल्यावर मी संगणकावर टिल्डाचे पान उघडले. तिला ताप नाही, खरूज नाही, उपासमार नाही. एकदा दात पडला होता. आणि त्याखाली त्याच दोन शब्दांच्या चौतीस ओळी होत्या: अपुरे कपडे, अपुरे कपडे, अपुरे कपडे.

मी मागे वळून मोज्यांच्या कपाटाकडे पाहिले.

आमच्या चर्चच्या बायका शाळेसाठी लोकरीचे मोजे विणतात. माझ्या खोलीतले एक कपाट त्यांनीच भरून दिलेले आहे. भिजून आलेल्या पोराला एक जोड द्यायचा, ही पद्धत माझ्या आधीपासूनची. पण त्या बायका कडक. दर मे महिन्यात येऊन विचारतात, किती जोड गेले आणि कुठल्या मापाचे? जास्त विणले तर कसर खाते, कमी पडले तर पोरे गारठतात. म्हणून मी प्रत्येक जोड मुलाच्या नावासह लिहून ठेवत असे. नावावरून माप कळते. तीन वर्षांपूर्वी काउंटीने शाळांना नवा प्रोग्राम दिला आणि माझी वही बंद झाली. प्रोग्राममध्ये मोज्यांना जागा नव्हती. दुखापत, ताप, औषध, भूक, अपुरे कपडे, यांतले एक निवडा. मी शेवटचे निवडले. बरोबर नव्हते, पण त्यातल्या त्यात जवळचे होते, आणि मे महिन्यातला बायकांचा हिशेब चोख लागत होता. त्या नोंदी दुसरे कुणी वाचत असेल, हे माझ्या डोक्यातही आले नाही.

गुरुवारी कोर्टात पोचले तेव्हा आर्वो बाकावर बसले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, लग्नातला कोट घातलेला. पायाशी लहान निळी बॅग. नात शाळेत होती. निकाल लागला की तिला तिथूनच नेणार होते.

"खात्यानं बॅग आणायला सांगितली," ते मला म्हणाले. "किती दिवसांचे कपडे भरायचे ते सांगितलं नाही. तुला माहीत आहे का, सेल्मा?"

मी त्यांच्या वकिलाला, पेल्टोला, गाठले. कोर्टाने नेमून दिलेला तरुण मुलगा, हातात आणखी तीन फायली. चौतीस नोंदींचा कागद मी त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "मला साक्षीला बोलाव. आजच."

न्यायाधीश ट्रेव्हॅरो बाई कमी बोलतात. चष्मा कपाळावर असला की त्या ऐकत असतात, नाकावर आला की निकाल जवळ आला असे समजायचे. चष्मा नाकावर होता.

डॉ. रेनशॉ खास आले होते. "महोदया, मी काही सांगत नाही. बीकन सांगतो."

"पण बोलताय तुम्हीच," बाई म्हणाल्या. "थोडक्यात बोला."

मग पेल्टोने मला उभे केले. मी कपाट, खाडी, चर्चच्या बायका, सगळे सांगितले. मागच्या बाकावर कुणीतरी हसले, मोज्यांचे ऐकून. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती निळी बॅग होती.

डॉक्टर सहानुभूतीने मान हलवत उठले. "नर्सबाईंच्या भावना मी समजू शकतो. पण बीकन काही मोजे मोजत बसत नाही. तो एकशे बारा बाबी तपासतो. त्यांतली एक इकडेतिकडे झाली तरी निष्कर्ष ढळत नाही."

"मग ती एक काढून बघा," मी म्हणाले. "ढळत नाही ना?"

"तसं करता येत नाही. आमची पद्धत हे धंद्याचं..."

"पद्धत सांगू नका," न्यायाधीश बाई म्हणाल्या. चष्मा पुन्हा कपाळावर गेला होता. "आकडा दाखवा. तुमचा संगणक तुमच्या मांडीवरच आहे."

"महोदया, कायद्यानं आम्हाला..."

"डॉक्टर, मुलीला घराबाहेर काढायच्या आदेशाखाली सही माझी असते, बीकनची नाही. ज्याचं कारण मला दाखवत नाहीत, त्यावर मी सही करणार नाही. दाखवा, नाहीतर तो आकडा मी या खटल्यातून काढून टाकते."

डॉक्टरांनी संगणक उघडला. बाईंनी तो भिंतीवरच्या पडद्याला जोडायला लावला. टिल्डाचे पान आले, त्र्याण्णव. चौतीस ओळी पुसल्या गेल्या. चक्र फिरू लागले. आर्वोंनी बॅगेचा बंद दोन्ही हातांनी धरला होता. जिममध्ये ते चक्र क्षणात थांबत असे. इथे ते थांबेचना.

चौदा.

मग डॉक्टरांनीच तोंड उघडले. "याचा अर्थ यंत्र चुकलं नाही. नोंद चुकीची होती. चूक नर्सबाईंची आहे."

"माझीच आहे," मी म्हणाले. "मी चुकते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला उलट विचारता येतं. तुमच्या पेटीला कुणी काही विचारलंच नाही. माझीच चूक तुम्ही तिच्या तोंडून वदवलीत आणि त्याला सत्य म्हणालात."

"आणखी एक विचारायचंय," न्यायाधीश बाई डॉक्टरांकडे वळल्या. "गेल्या वर्षी जिममध्ये मीही होते. त्या अकरा फायली यंत्रानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या का?"

"शिकवण्यासाठी जुन्या फायली द्याव्याच लागतात."

"शेवटच्या पानासकट?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला. "...हो."

म्हणजे आकडा सांगण्याआधी उत्तर त्याला दिलेले होते. आम्ही दोनशे माणसे पाव खात रडलो होतो ते या करामतीवर.

बाईंनी खात्याचा अर्ज फेटाळला. आर्वोंना लगेच कळलेच नाही. पेल्टोने दोनदा सांगितले तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे शाळा सुटली की मीच आणायला जायचं?"

"तुम्हीच," पेल्टो म्हणाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत फुशारकीने सांगितली असती. पण मार्ला जागची हलली नव्हती. ती हातातल्या बीकनच्या आकड्यांच्या यादीकडे पाहत होती आणि एका ओळीवर तिचे बोट थांबले होते.

"हार्जूंची मुलं," ती म्हणाली.

हार्जूंचे दोन मुलगे, सात आणि दहा वर्षांचे. तेही खाडीपलीकडचे. बर्फ धरण्यापूर्वी ते बापाच्या उघड्या बोटीतून येत, लाटांचे पाणी अंगावर घेत. नोव्हेंबरात खात्याने त्यांना नेले. बीकनचा आकडा एक्याण्णव होता. त्यांच्याही मोज्यांच्या नोंदी माझ्याच होत्या. खात्याला काही दिसले असेल म्हणून नेले, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती.

बाईंनी त्याच दिवशी ती फाइल उघडायचा आदेश दिला. पण मुले आता दुसऱ्या काउंटीत आहेत, तिथले कोर्ट वेगळे, नोटिसा वेगळ्या. नेताना तीन दिवस लागले होते. परत आणायच्या अर्जाला आता नववा आठवडा लागला आहे.

मी हार्जूंकडे गेले. आईला सांगितले की त्या नोंदी मी केल्या. ती ओरडेल असे वाटले होते, ती ओरडली नाही. तिने विचारले, "त्यांनी तेव्हा तुला फोन करून विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?"

"पोरांचे मोजे भिजले होते, एवढंच."

"एका फोनचं काम होतं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

म्हणून हे लिहिते आहे. मी यंत्रांची वैरीण नाही. तापमापक मीही वापरते, पण काचेतला पारा खूप चढलेला दिसला आणि पोर समोर हसत असले, तर आधी पोराच्या कपाळाला हात लावते. तुमच्या गावातही एखादे यंत्र येईल आणि ते कुणाच्या लेकराबद्दल, कुणाच्या नोकरीबद्दल, कुणाच्या तुरुंगवासाबद्दल आकडा सांगेल. सांगणारा छातीवर हात ठेवून म्हणेल की मी कोण सांगणारा. टाळ्या वाजवू नका. त्या यंत्राला हे कुणी सांगितले ते विचारा, आणि ज्याने सांगितले त्या माणसाला फोन करा. तो माणूस बहुधा माझ्यासारखाच कुठल्यातरी शाळेत किंवा कचेरीत बसलेला असेल, आणि त्याला आजवर कुणीही काहीही विचारलेले नसेल.