वाऱ्याची नोंद

खोटं मी अगदी नियमानं लिहीत असे. उपनगरातल्या एका छोट्या विमानतळावर दर तासाला वाऱ्याची दिशा आणि वेग टिपायचा, ही माझी नोकरी. पण ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते आणि शिवाजी पार्कला पुढे जागा हवी तर लवकर निघणं भाग होतं, म्हणून पुढच्या तासांच्या नोंदी मी तीनलाच उरकून टाकी. दुपारी समुद्रावरून वारा येणारच, पश्चिमेकडून, ताशी दहा मैल. त्यात बघायचं काय?

मार्चमध्ये एकदा घाईत पाचच्या ओळीत दहाऐवजी तीस लिहिलं गेलं, तेही उत्तरेकडून. पाच वाजता उतरणाऱ्या विमानाला बाजूनं झोत लागला, एक पंख जमिनीला घासला आणि विमान उलटलं. वैमानिकाचा पाय गेला.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "हेरंबराव, नोंद अचूक आहे तुमची."

त्या वेळी मी सभेत घोषणा देत होतो, हे सांगायचा धीर मला झाला नाही. त्याची शरम अजून वाटते. योगायोग म्हणून मनाची समजूत घातली, तरी पुढे दोनदा आगाऊ लिहून तिथेच थांबलो. वारा लिहिल्यासारखाच आला. मग मी सभाच सोडल्या.

एप्रिलात माझा धाकटा भाऊ रघु पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवणार होता. त्या दिवशी तो वर गेला आणि वारा बेभान झाला. मी वही उघडली, पाचच्या ओळीत 'वारा नाही' लिहिलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पान संपेपर्यंत, रात्रीच्या ओळींतही, तेच लिहीत गेलो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला चिकटून लोंबली. रघु इतका अलगद उतरला की चाकं टेकल्याचं कळलंही नाही.

संध्याकाळी गिरगावात आईनं त्याला दारातच ओवाळायला घेतलं. त्याची बडबड थांबत नव्हती.

"अगं, एवढं काय त्यात!" ताटावर वाकून तो खळखळून हसला.

निरांजनाची ज्योत हललीही नाही, सरळ उभी राहिली.

आईचा हात थबकला. तिनं ताट खाली ठेवलं, आपला तळवा हळूच त्याच्या नाकापाशी धरला, आणि बराच वेळ तो तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं.