ओल्या फडक्याची भीती

मी एक जुना चित्रफलक आहे. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चिताऱ्याने लाकडी फळीवर पांढरा लेप दिला, अंड्याच्या बलकात रंग खलले आणि माझ्यावर मेरी आणि बाळ येशू रंगवले. चर्चमध्ये लोक माझ्यापुढे गुडघे टेकत. पण एकदा तिथल्या सेवकाने मेणबत्तीची काजळी ओल्या फडक्याने पुसली आणि बाळाचा अंगठाच निघून गेला. मित्रांनो, तेव्हापासून मी ओल्या फडक्याला घाबरतो.

हात बदलत बदलत मी शारजाला रुकय्या मॅडमकडे आलो. १९९८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला नव्या चौकटीसाठी औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये दिले. तिथला कारागीर सतीश. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिथला एसी बंद पडला. उकाड्याने माझी फळी तडकेल म्हणून सतीशने कुणालाही न विचारता मला शारजातल्याच रोल्ला भागातल्या आपल्या घरी नेले.

घरी त्याची मुलगी मिहिका होती, आणि त्याची आई, प्रमिलाबाई, चिपळूणहून आली होती. सकाळी पूजा आटोपून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"लेकुरवाळी बाई, आणि कपाळ मोकळं?" असे पुटपुटत तिने मेरीच्या कपाळाला ओले कुंकू लावले. लावले मायेनेच, पण मला चर्चमधले ते फडके आठवले.

सतीशने ते पाहिले आणि तो धावत आला. "आई, नोकरी गेली की व्हिसा खलास. मिहिकाची शाळासुद्धा."

मग त्याने फडके भिजवले. "हळूच पुसतो. कुणाला कळणार नाही."

फडक्यातून पाणी ठिबकत होते. मला सरकता येईना, ओरडता येईना. फडके कपाळापासून बोटभर अंतरावर आले.

"बाबा, डोन्ट," मिहिका म्हणाली. "यू ऑलवेज से, नेव्हर वॉटर."

प्रमिलाबाईने त्याच्या हातातून फडके काढून घेतले. "कुंकू मी लावलंय. माझं नाव सांग, पण फोन लाव."

सतीशने फोन लावला. "मॅडम, पेंटिंग मेरे घर पे है. गलती हो गई."

रुकय्या मॅडम तासाभरात आल्या. वाकून त्यांनी मला न्याहाळले. मग एवढेच विचारले, "पानी लगाया?"

"नहीं, मॅडम."

त्या खुर्चीत टेकल्या.

पुढे एका तज्ज्ञाने आठ दिवस भिंगाखाली ते कुंकू कणाकणाने उचलले. सतीशची नोकरी वाचली, वर्कशॉपची किल्ली मात्र मालकाने त्याच्याकडून काढून घेतली.

मित्रांनो, जुन्या चित्रावर डाग पडला तर स्वतः पुसू नका, जाणकाराला बोलवा. आणि चूक झाली तर लगेच सांगा. त्या सकाळी सतीश जेवढा घाबरला होता, तेवढाच मीही घाबरलो होतो. फरक इतकाच, की त्याला बोलता येत होते.